शमीम बाईंचं जाळं

शमीम बाईंशी मी दोन वर्षं खोटं बोलले, आणि आज सकाळी त्या गेल्या.

आता हे सांगू कुणाला? म्हणून इथे लिहितेय.

बाई आमच्या शाळेत पीटी घ्यायच्या. माहेर मालवणचं, घरची रापण. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं असतं. दोरीला हात लावला की माशांचा वाटा मिळतो, मग तो कुणीही असो.

बाईंनी तेच मैदानावर आणलं. भावाकडून जुन्या जाळ्याचा तुकडा आणला, मध्ये चेंडू ठेवला. सगळ्या मुलांनी कडा धरून झेंड्याच्या खांबापासून आंब्यापर्यंत जायचं. चेंडू पडला तर सगळेच परत मागे.

आऊट कुणीच नाही.

आंब्याखाली प्रत्येकाला मूठभर शेंगदाणे. तो वाटा.

पहिलीतल्या तन्वीचा एक पाय जन्मापासून अधू. मी शाळेत नवीन शिक्षिका, त्यात मुळात घाबरट. तिच्या हातात शिटी दिली आणि तिला कडेला बसवलं.

"शिटी कित्याक दिलंस तिका?" बाईंनी विचारलं.

"बाई, पडली तर?"

"पडात. मगे उठात. बाजूक बसवलंस तर तिका वाटो कसो गावतलो?"

बाई रिटायर झाल्या आणि पीटी माझ्या गळ्यात आली.

पहिल्याच आठवड्यात जाळं धरून चालताना तन्वी पडली. गुडघा फुटला. तिच्या घरचे एका शब्दाने बोलले नाहीत, पण माझ्या डोक्यात पालकांचा ग्रुप, ओरोसला जिल्हा परिषदेत तक्रार, चौकशी, सगळं होऊन गेलं.

मी जाळं कपाटात टाकलं. लंगडी, खो-खो सुरू केलं. तन्वीकडे परत शिटी.

बाईंचा दर महिन्याला फोन.

"जाळा भायर काढतंस मां गो?"

"हो बाई, काढते ना."

दर वेळी हेच. इतक्या सहज बोलायचे की आज माझीच मला लाज वाटते.

आज दहाला बातमी आली. हेडसरांनी दोन मिनिटं शांत उभं केलं आणि सुट्टी दिली. मुलं दप्तरं उचलत होती.

मी कपाट उघडून जाळं काढलं आणि मुलांना मैदानावर थांबवलं.

तन्वी आता चौथीत. सवयीने शिटी मागायला आली.

"शिटी नको. ही कड धर."

मी तिच्या शेजारीच उभी राहिले. हात जाळ्यावर, सगळं लक्ष तिच्या पायाकडे.

आंबा दहा पावलांवर आला आणि ती पडली.

मी जाळं सोडून धावणारच होते.

"सोडू नकात बाई," खालून तीच म्हणाली. "चेंडू पडात."

नाही सोडलं. सगळेच थांबले. कड तिच्या हातातून सुटलीच नव्हती. तीच धरून ती उठली.

आंब्याखाली पोचल्यावर मुलांनी विचारलं, "बाई, आमचो वाटो?"

शेंगदाणे कुठून असणार? डब्यातली दोन घावणं तोडून वाटली. घासभरच आलं प्रत्येकाला.

तन्वीने आपल्या वाट्यातला अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

गुडघा फुटलाय तिचा. आता तिच्या आईला फोन करायचाय. नंबर काढलाय, अजून लावला नाही.

बाई, उद्या पीटीला जाळं काढते.

या वेळी खरंच.

तुम्हाला शेवटचा सलाम.