बदलीत उखाआप्पा

शेवटची भेट दवाखान्यात झाली. उखाआप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि त्यांचा मुलगा दिलीप खाली औषधं आणायला गेला होता. मी स्टुलावर बसून सारखा घड्याळाकडे बघत होतो, कारण कडोदऱ्याचं माझं लूमच्या स्पेअर पार्टचं दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. आप्पांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी मास्क जरा बाजूला सारला आणि म्हणाले, "तू जाय, भटू. मी शे आठे." तू जा, मी आहे इथे. पेशंटनं भेटायला आलेल्या माणसाला असं सांगायचं... मला हसू आलं, तेही हसले. दिलीप वर आल्यावर मी निघालो. दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं तेवढ्यात त्याचा फोन आला.

सुरतेच्या लिंबायतमध्ये आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना आप्पांचं ते वाक्य पाठ आहे. नव्वदच्या दशकात त्या एका वाक्यावर आमचा फुटबॉल क्लब चालला. तापीकाठ मंडळ हे नाव आप्पांनीच ठेवलेलं. तापी आपल्या गावाकडून वाहत सुरतेला येते, आपणही तसेच आलो, एवढाच त्यांचा विचार. जिल्ह्याच्या लीगमध्ये सगळ्यात खालच्या गटात आम्ही होतो. त्याच्याखाली आणखी एखादा गट असता तर आम्ही त्यात असतो. आमचा कॅप्टन गुलाब भुसावळला रेल्वेच्या मैदानावर हा खेळ शिकून आला होता, आणि बाकीचे आम्ही गुलाबकडे बघून शिकलो. मी गोलकीपर. बॉलमागे पळायचा कंटाळा असलेल्या माणसाला ती जागा बरी पडते.

आप्पा वयानं आमच्यापेक्षा बरेच मोठे. त्यांना फुटबॉलमधलं काहीही कळत नव्हतं आणि कळतं असं त्यांनी कधी दाखवलंही नाही. पण खोलीखोलीतून वर्गणी मागणं, लीगची फी भरणं, फाटलेला बॉल सायकलच्या दुकानातून शिवून आणणं, हे सगळं त्यांच्या अंगावर असायचं. बुटांचे जोड निम्म्या संघाला पुरतील एवढेच होते. ज्याला त्या दिवशी पुढे खेळायचं त्याला बूट, बाकीचे अनवाणी. जर्सीचं कापड म्हणजे कारखान्यात विणताना डाग पडून नापास झालेला ताका. पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये आप्पांचा गाववाला होता, तो आमचे शर्ट चालू मालासोबत रंगात बुडवून द्यायचा. त्यामुळे साड्यांच्या बाजारात त्या हंगामाला जो रंग चालेल तोच आमच्या संघाचा रंग. एक वर्ष आम्ही सगळे राणी रंगात खेळलो. घाम आला की तो रंग अंगावर उतरायचा आणि गोरापान गुलाब खरोखरीचा गुलाब होऊन घरी जायचा. समोरचे संघ हसायचे. आम्हीही हसायचो, दुसरं करणार काय?

पण आमच्या क्लबला खरी धाप लागायची ती खाड्यानं. मॅच रविवारी, आणि आमच्या भागातल्या खात्यांची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्याच वारी. लूमच्या कारखान्याला सुरतेत आम्ही खातं म्हणतो. खात्यात पगार मीटरवर. लूम चालली तर पैसे. माणूस गैरहजर राहिला की खाडा, आणि पुन्हा पुन्हा खाडे पडले की त्याच्या लूमवर दुसरा माणूस उभा. त्याला उपाय एकच, बदली. आपल्या जागी दुसऱ्याला उभं करायचं आणि त्यानं विणलेले मीटर त्याच्या नावावर जायचे, असा रिवाज. आप्पांनी तो रिवाज उलटा केला. रातपाळी करून आलेले ते आणि त्यांचे चार सोबती मॅचच्या वेळी आमच्या लूमवर उभे राहायचे आणि विणलेले मीटर आमच्या नावावर लिहून द्यायचे. ज्यांच्यासाठी असा माणूस मिळत नसे ते आपापल्या पाहुण्या-रावळ्यांना हातापाया पडून उभं करायचे. मी पहिल्यांदा दाराशी घुटमळत होतो तेव्हा आप्पांनी माझ्या हातातली धाग्याची कांडी काढून घेतली आणि म्हणाले, "तू जाय. मी शे आठे." झोप राहिलेले त्यांचे डोळे मला अजून दिसतात. पण ते बोलले असे, जणू मी त्यांच्यासाठीच खेळायला जातोय. एका अर्थी ते खरंच होतं.

लीगमधली आमची पहिलीच मॅच. रेफ्री गुजराती गृहस्थ होते, शांत आणि पांढऱ्या टोपीतले. त्यांनी हिंदीत विचारलं, "बदली में कौन-कौन है?" गुलाबनं सरळ सांगून टाकलं, की भटूच्या बदलीत उखाआप्पा, आनंदाच्या बदलीत अमुक, माझ्या बदलीत तमुक. रेफ्रींनी सगळी नावं उतरवून घेतली. मैदानावरच्या बदलीलाही बदलीच म्हणतात, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उत्तरार्धात गुलाबचा पाय मुरगळला. रेफ्री म्हणाले, "बदली बुलाओ." गुलाब लंगडत म्हणाला, "वो तो खाते में है." रेफ्रींनी जरा विचार करून विचारलं, "किसके खाते में?" बिचाऱ्यांना वाटलं, हा बँकेचा काही व्यवहार असावा. सगळा उलगडा झाल्यावर ते शिट्टी हातात धरून हसत राहिले. आम्ही दहा जणांनी मॅच पुरी केली आणि सपाटून हरलो.

पुढे आम्ही खरेखुरे बदली खेळाडू न्यायला लागलो. पण बदलीतलं पहिलं नाव उखाआप्पांचंच राहिलं. गुलाबचा तसा हट्टच होता. तो म्हणायचा, जो खरा बदली आहे त्याचं नाव बदलीत नको तर कुठे? लीगच्या कागदावर आप्पा आमचे खेळाडू झाले आणि खात्यात ते आमच्या लूमवर उभेच राहिले. आपल्या क्लबची एकही मॅच त्यांनी पाहिलेली नव्हती.

मॅच संपली की मी तडक खात्यात जायचो. लूमच्या खडखडाटात बोलून काही ऐकू जात नाही, म्हणून दारातूनच बोटं दाखवायची. उजव्या हाताची आमची, डाव्या हाताची त्यांची. बहुतेक वेळा उजवा हात मिटलेला असायचा. आप्पा मान डोलवायचे आणि तुटलेली धाग्याची तार जोडायला वळायचे. नंतर चहाच्या टपरीवर बसलो की विचारायचे, "कशी व्हयनी?" कशी झाली मॅच? मग सुरुवातीपासून सगळं सांगावं लागायचं. कोण पळालं, कोण पडलं, कुणी कुणाला शिवी दिली. हरलो की जिंकलो याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. मॅच त्यांना पूर्ण हवी असायची. एकदा गुलाब म्हणाला, "आप्पा, एक डाव येऊन बघा तरी." आप्पा म्हणाले, "मी उनू तर आठे कोण?" मी आलो तर इथे कोण...

मग तो राणी रंगाचा हंगाम आला आणि शेवटची मॅच. आम्ही तळाला होतो. हरलो असतो तर लीगमधून बाहेर, आणि परत आत यायचं तर नवी अनामत भरावी लागणार. ती आमच्या बापजन्मी जमली नसती. बरोबरी झाली तरी क्लब जगणार होता. त्या दिवशी दुपारी लिंबायतची लाइट गेली. सगळी खाती एकदम गप्प झाली. मॅच एक-एक अशी बरोबरीत असताना मला दोरीपलीकडे आप्पा दिसले. सायकल अजून हातातच, केसात रुईचे तंतू, अंगात गंजिफ्रॉक आणि पायजमा. मी गोलमधून ओरडलो, "आप्पा आले!" आमचा अख्खा संघ मागे वळून बघायला लागला आणि तेवढ्यात समोरच्यांचा गोल व्हायचा तो थोडक्यात वाचला.

आमचे बदलीचे दोन गडी आधीच आत गेले होते. शेवटी शेवटी आनंदा पायात गोळा येऊन खाली बसला तो उठेचना. पहिल्या मॅचचेच रेफ्री होते. त्यांनी कागद पाहिला, वर पाहिलं आणि मोठ्यानं आप्पांचं नाव पुकारलं. आता कुठे बदली खात्यातून आला, असं काहीतरी ते स्वतःशीच बोलले. आप्पा नको नको म्हणत होते. गुलाबनं आनंदाचा ओला शर्ट काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि त्यांना माझ्यापुढे उभं केलं. "आप्पा, इथून हलू नका."

आप्पा अर्थातच हलले. लूमच्या दोन रांगांमध्ये माणूस जसा इकडून तिकडे फेऱ्या घालतो तशा ते गोलपुढे फेऱ्या घालायला लागले. नजर बॉलवर, कान मात्र लिंबायतकडे, लाइट आली तर... मी मागून बघत होतो आणि मला फार आनंद झाला होता, हे इथे सांगून टाकतो. आयुष्यात इतका आनंद मला थोड्याच वेळा झाला आहे. शिट्टीला अगदी थोडा वेळ उरला असेल. समोरच्या एका दांडग्या गड्यानं बॉल हाणला आणि तो थेट आप्पांच्या तोंडाच्या रोखानं आला. आप्पांचा हात वर गेला. लूमवर धोटा कधी कधी उडतो. लोखंडी टोकाचा तो लाकडी तुकडा डोळा फोडू शकतो, आणि आप्पांच्या भुवईवर त्याची जुनी खूण होती. इतकी वर्षं लूमवर काढलेल्या माणसाचा हात आपोआप वर जातो. आमच्यातल्या कुणाचाही गेला असता. बॉल त्यांच्या तळव्याला लागून खाली पडला आणि रेफ्रींनी, हसू आवरून, पेनल्टी दिली. मी उजवीकडे उडी मारली, बॉल डावीकडे गेला.

आप्पा आपल्या हाताकडे बघत होते. तळवा राणी रंगानं माखला होता. "माले धोटा वाटना," ते म्हणाले. मला धोटा वाटला. मग त्यांनी शर्ट काढून घडी घालून आनंदाला दिला, सायकल घेतली आणि लाइट आली असेल म्हणून निघून गेले.

संध्याकाळी मी सवयीनं खात्यात गेलो. दारात उभा राहिलो, पण बोटं दाखवावीत की नाही ते समजेना. आप्पांनी लूमवरून वर पाहिलं आणि वाट बघत राहिले. मी उजव्या हाताचं एक आणि डाव्या हाताची दोन बोटं वर केली. त्यांनी मान डोलवली. टपरीवर बसल्यावर विचारलं, "कशी व्हयनी?" मी म्हणालो, आप्पा, तुम्ही होता की तिथे. ते चहा फुंकत राहिले. मग मी सुरुवातीपासून सगळी मॅच सांगितली. गुलाबचा गोल, आनंदाचा गोळा... आणि मग एक म्हातारा बदली आत आला, त्यानं हात वर केला. आप्पांनी मध्येच विचारलं, "त्याले समजत नही का?" मी म्हणालो, समजतं हो, पण जुना कारागीर आहे. मग मात्र ते इतके हसले की चहा पायजम्यावर सांडला. हसता हसता डोळे पुसले. ते कशासाठी, हे मी विचारलं नाही.

क्लब संपला. पलसाण्याच्या एका डाइंगवाल्या शेठनं स्वतःची टीम काढायचं ठरवलं. बूट, शर्ट, मॅचच्या दिवशी भरपगारी सुट्टी, अट एवढीच की नोकरी त्याच्याकडे. आमच्यातले पाच चांगले खेळणारे त्याला हवे होते. ते पाच जण माना खाली घालून आप्पांकडे आले. मला वाटलं, आता तरी आप्पा चिडतील. आप्पांनी उलट त्यांची समजूत घातली. "पगार भेटी, खेळालेबी भेटी," पगार मिळेल, खेळायलाही मिळेल, आणि मग तेच, तू जाय, मी शे आठे. कुठे होते ते? तोवर ना क्लब राहिला होता, ना कुणाची बदली. पण ते पाचही जण ते ऐकूनच गेले, नाहीतर त्यांचा पाय निघाला नसता. मीही पुढे लूम सोडली आणि दुकान टाकलं. आप्पा त्याच खात्यात, हात थरथरायला लागेपर्यंत. त्यानंतर त्यांच्या जागी दिलीप.

आप्पांची दहाव्याची क्रिया प्रकाशा या गावी, तापीवर करायची ठरली. दिलीप आदल्या दिवशी माझ्याकडे आला. मयतीच्या दिवसांत त्याची सुट्टी संपून गेली होती, आता खाडा पडला तर शेठ लूम दुसऱ्याला देणार. मी म्हणालो, "तू जाय, दिलीप. मी शे आठे." म्हणजे मला क्रियेला जाता येणार नव्हतं, हे बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी लिंबायतच्या त्या खात्यात गेलो. लूम जुन्याच आहेत. दोन रांगांमधली फरशी पायांनी झिजून खोलगट झाली आहे. त्यातली काही माझ्या पायांनी झिजली असेल, बरीचशी आप्पांच्या. नवा मास्टर उत्तर प्रदेशचा, पोरगेलासा, मला ओळखत नव्हता. हजेरी लिहायला त्यानं विचारलं, "किसकी बदली में?"

मी म्हणालो, "उखाआप्पाच्या."

त्यानं नाव लिहून घेतलं. मी ते दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात लूम सुरू झाल्या.