न वाचलेला अहवाल

डेअरीवर दुधाची किटली टेकवली आणि कुणीतरी म्हणालं, तात्या गेला. काटेवाडीला लेकीकडं होता, चहा पिता पिता मान टाकली... मी सांगणाऱ्यालाच शिवी हासडली. महिना झाला, अजून खरं वाटत नाही. त्यात आम्हा लहानपणच्या दोस्तांचं बोलणं बंद होतं, आणि ते मीच बंद केलं होतं.

लासुर्ण्याजवळ आमची वस्ती. शेजारी स्पिरिटचा कारखाना यायचा होता. कायदा असा की मंजुरीच्या आधी पाण्या-मातीवर काय परिणाम होईल ते तपासायचं, अहवाल गावापुढं ठेवायचा आणि गावाचं ऐकून घ्यायचं. तात्यानं त्या अहवालाची प्रत माझ्या ओट्यावर आणली.

"आबा, बस. वाचून दाखवतो."

"का? मला वाचता येत न्हाय व्हय? ठेव तितं."

दुसरीपर्यंतची शाळा माझी. सही झोकात करतो, पण तसलं सरकारी मराठी उलगडत नाही. प्रत आठ दिवस कपाटावर राहिली. न उघडताच परत केली, म्हणालो, "वाचली."

सुनावणीला मला पुढची खुर्ची मिळाली, गळ्यात टॉवेल पडला. साहेबांनी विचारलं, "आबा, अहवाल वाचलात ना? काही हरकत?" भर मांडवात नाही कसं म्हणू? "वाचलाय. हरकत न्हाय." लिहून घेतलं त्यांनी. मग तात्या उठला. "सायेब, ह्यात लिव्हलंय, हितं पिण्याची विहीर न्हाय. मग आमची सारी वस्ती पाणी कुठलं पिती?"

मी गळ्यातला टॉवेल सारखा केला. साहेब म्हणाले, "पण आबांनी तर वाचलाय."

तात्यानं माझ्याकडं पाहिलं. आबाला वाचता येत नाही, एवढंच म्हणाला असता तर त्याचं खरं झालं असतं. तो खाली बसला. आणि मी? बाहेर आल्यावर त्यालाच म्हणालो, "चारचौघांत मला खोटं पाडलंस." तो शेवटचा शब्द.

दहाव्याला वहिनींनी ती प्रत हातात दिली. "भावजी, तुमच्याकडं आणायच्या आदल्या दिशी बसून काढलं हुतं ह्यांनी." पानाच्या कडेला पेन्सिलीनं विहीर. वर रहाट, त्यावर मोठी फुली. शेजारी घागर धरून उभा फेटेवाला... माझ्याच मिश्यांचा. शिकलेला माणूस, चित्रं काढत बसला होता. माझ्यासाठी. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि मी पान उलटलं नाही.

नातीकडून हे लिहून घेतोय, साहेबांना द्यायचा अर्जही तिनंच लिहिलाय. दोन्हींत एकच म्हणणं: मी तो अहवाल वाचला नव्हता. विहीर आहे.

प्रत आता माझ्या उशाशी असते. ते एक पान मला वाचता येतं.