वहीतले अकरा शून्य

मुलीच्या मुरुमांच्या वहीतले अकरा दिवस मी एका बैठकीत भरून काढले, आणि वर स्वतःवर खूशही झालो.

मी सरकारी कचेरीत लिपिक. आमच्याकडे जीपचं लॉगबुक रोज भरायचं असतं. म्हणजे महिनाअखेरीस साहेब ओरडले की सगळा महिना एकदम भरायचा असतो. या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. तीन पेनं घ्यायची, दोन निळी आणि एक काळं. मध्येच अक्षर थोडं तिरकं करायचं. एखाद्या पानावर बोटाचा डाग पडू द्यायचा. त्यामुळे त्या संध्याकाळी मुलगी वही घेऊन गॅलरीत माझ्याजवळ आली, तेव्हा ती योग्य माणसाकडेच आली आहे असं मला वाटलं.

"बाबा, उद्या दवाखान्यात जायचं आहे न् माही डायरी कोरीच आहे. प्रॅक्टिकलच्या गडबडीत राहून गेली. भरून द्या न."

"काय भरू?"

"सगळं शून्य टाका. लवकर टाका फक्त."

वहीत रोजच्या दिवसाला सहा प्रश्न होते. ओठ फाटले का, डोकं दुखलं का, नीट दिसलं का, मन उदास होतं का, असे. समोर चौकट. त्रास नसेल तर शून्य, फार असेल तर तीन. मी अकरा दिवस शून्यांची रांग लावली. मग अनुभव आडवा आला: सगळंच चांगलं दिसलं की तपासणाऱ्याला संशय येतो. म्हणून एका रविवारी तिचे ओठ थोडे फाडले. तिथे एक टाकला.

ही वही आली कुठून, ते सांगतो. पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दहावीपासून तिच्या गालांवर मुरुमं, साधी नाहीत, मोठमोठी गाठीसारखी, दुखणारी. हळद, मुलतानी माती, शेजारणीच्या बहिणीचा लेप, सगळं झालं. आमच्या नागपुरात गाडीवरच्या सगळ्याच मुली उन्हापायी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, नुसते डोळे उघडे. बाकीच्या पोहोचल्यावर सोडतात. आमची वर्गातही सोडायची नाही. घरी आली की आधी न्हाणीघरात, मग स्कार्फ सुटायचा.

मग एका मोठ्या दवाखान्याच्या त्वचाविभागात मुरुमांच्या औषधाचा अभ्यास सुरू असल्याचं तिला मैत्रिणीकडून कळलं. काहींना नेहमीची कॅप्सूल, काहींना नव्या प्रकारे बनवलेली. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. ते बंद पाकिटात. डॉक्टर बाईंनी तासभर समजावलं. पोटात बाळ असताना हे औषध फार घातक, म्हणून दर महिन्याला तपासणी, हे त्यांनी सुरू केलं तेव्हा मी भिंतीवरचं त्वचेचं चित्र इतकं मन लावून पाहिलं की अजून पाठ आहे. नऊ पानी माहितीपत्रक मिळालं. मुलीने सही केली. पत्रकाची एक प्रत मला दिली, ती मी घडी करून कचेरीच्या बॅगेत टाकली. वाचली नाही. कचेरीत मी दुसऱ्यांना म्हणतो, वाचून सही करत जा.

तर मी भरलेली वही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चाळली. "छान. ओठ सोडले तर काहीच त्रास नाही. हीच मात्रा चालू ठेवू." चेहरा खरंच निवळला होता. मला लॉगबुक पास झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मुलगी कॉलेजात स्कार्फ सोडून बसली. हे तिनेच जेवताना सांगितलं, भाकरीकडे बघत. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. आमच्या घरात आनंद असाच साजरा होतो.

तिचं डोकं दुखायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बायको म्हणायची, "मोबाइल फेक वं तो आधी." मीही म्हणायचो. एकदा ती चहा ओतत होती, धार कपाच्या बाजूला पडली. मी म्हणालो, "लक्ष कुठं आहे तुहं?" ती हसली. मीही हसलो.

मग एका सकाळी माझी गाडी पंक्चर होती, म्हणून मी तिच्या मागे बसून कचेरीला निघालो. हुडकेश्वर रोडवर समोरून ट्रक येत होता, आणि ही सरळ त्याच्या अंगावर. मी ओरडलो. तिने हँडल वळवलं. ट्रकवाला शिवी देऊन गेला. गाडी बाजूला घेऊन ती म्हणाली, "दोन दिसले बाबा. मले वाटलं, खरा तिकडचा आहे."

"दोन काय?"

"ट्रक. कधीकधी दोन-दोन दिसून राहिलं. होऊन जाते थोड्या वेळानं बरं."

"कधीपासून?"

"प्रॅक्टिकलच्या आधीपासून असंन."

प्रॅक्टिकलच्या आधीपासून. म्हणजे माझे अकरा दिवस.

"मग मले शून्य काहून टाकायले लावलं?"

ती रडली नाही, ते जास्त वाईट. "सांगाल तर औषध बंद करतील. बाबा, मी पहिल्यांदा तोंड उघडं ठेवून बसली वर्गात. तुम्हाले नाही समजणार. दोन महिने राहिले फक्त. नका सांगू न."

मी काय केलं? बाप होतो, गाडीची किल्ली काढून घ्यायला हवी होती. मी म्हणालो, "बरं, बघू." ती मला कचेरीच्या फाटकाशी सोडून कॉलेजला गेली, आणि मी तिला जाऊ दिलं.

टेबलाशी बसलो. बॅगेच्या खणात ते पत्रक सापडलं. चौथ्या पानावर होतं. डोकेदुखी, अंधुक किंवा दुहेरी दिसणे. पुढे लिहिलं होतं, डोक्यातला दाब वाढल्याचं हे लक्षण असू शकतं, औषध ताबडतोब थांबवून कळवा, नाहीतर नजरेला कायमची इजा होऊ शकते. मी ती ओळ तीनदा वाचली. सरकारी कागदात 'ताबडतोब' म्हणजे पंधरा दिवस. इथे तसा अर्थ नसणार, हे मला कळत होतं.

खाली फोन नंबर होता. अभ्यासाचं काम बघणाऱ्या बाईंनी उचलला. मी सांगितलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज.

"पण काका, डायरीत तर डोकं आणि नजर, दोन्हीला शून्य आहे."

"ते शून्य तिचे नाहीत," मी म्हणालो. "माझे आहेत."

बाई लगेच म्हणाल्या, "तिला आत्ता घेऊन या. आजची कॅप्सूल घ्यायची नाही. आणि काका, गाडी तिला चालवू देऊ नका."

तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडीवर असेल तर उचलणार कशी, आणि गाडीवर नसेल तर का उचलत नाही? दोन्ही विचार एकाच वेळी येत होते आणि दोन्ही भयंकर होते. साहेबांना न विचारता निघालो. ऑटो केला, तिच्या कॉलेजच्या रस्त्याने.

सिग्नलला ऑटो थांबला. समोर पंधरा-वीस मुली गाड्यांवर, सगळ्यांचे चेहरे गुंडाळलेले. स्वतःची मुलगी मला ओळखू येईना. पांढरी गाडी, फुलाफुलांचा स्कार्फ. तशा तीन होत्या. एकीला मी ऑटोतून हाक मारली, "थांब, थांब गा!" पोरीला 'गा' म्हणालो, पुरुषांना म्हणतात तसं, इतका भांबावलो होतो. तिने डोळे वटारले. मागचा दुचाकीवाला म्हणाला, "काय काका, या वयात?" ऑटोवाला खो-खो हसला. मी ऑटोवाल्याला नुसतं पुढे चल म्हणालो.

ती कॉलेजच्या अलीकडे सापडली. फुटपाथला, कडुनिंबाखाली, गाडी स्टँडवर, स्कार्फ मांडीवर. डोळे मिटून डोकं दोन्ही हातांत धरलेलं. मी जवळ गेलो, तिने डोळे उघडले आणि माझ्या किंचित उजवीकडे बघत म्हणाली, "बाबा?"

मी रागावणार होतो, पण ती उजवीकडे बघत होती.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी कुलूपबंद कपाटातलं पाकीट आणून फोडलं. चिठ्ठीत नवी कॅप्सूल निघाली. त्या डोळ्यांच्या विभागात फोन करून स्वतः तिला घेऊन गेल्या. थेंब टाकले, मोठ्या भिंगातून पाहिलं, मग डोक्याचं स्कॅन काढायला पाठवलं. मी बाकावर. त्या दुपारी मी एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. मग दोन्ही झाकले. असं किती वेळ बसलो होतो कोण जाणे, समोरची म्हातारी म्हणाली, "तुमचं ऑपरेशन आज आहे का जी?"

डॉक्टर बाई आल्या. डोळ्यामागच्या नसेला सूज होती. औषध कायमचं बंद. दाब उतरवायच्या गोळ्या, चार दिवस इथेच मुक्काम. "नजर वाचेल असं वाटतं. आणखी दोन आठवडे गेले असते तर हे वाक्य मी बोलले नसते."

मग ती वही माझ्यासमोर ठेवली. खाडाखोड करायची नाही, म्हणाल्या. प्रत्येक दिवसावर एकच आडवी रेघ, बाजूला कारण, सही, तारीख. अकरा वेळा. "काका, हे शून्य फक्त तुमच्या मुलीचे नव्हते. यावरून आम्ही ठरवणार होतो, उद्या दुसऱ्यांच्या मुलींना हे औषध द्यायचं की नाही." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. कारणाच्या जागी मी लिहिलं, 'वडिलांनी न विचारता भरले.' अकराही वेळा एकाच पेनाने.

बायको आली तेव्हा मुलगी डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन पडली होती. गालावर एक नवीन गाठ यायला लागली होती. तिने ती बोटाने चाचपली आणि हात खाली घेतला. मी बायकोला बाहेर नेऊन सगळं सांगितलं, लॉगबुकासकट. वाटलं, ओरडेल. ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली.

मग म्हणाली, "मी आतमध्येच होती त्या दिवशी, भाजी निवडत. तरी पोट्टी वही घेऊन तुमच्याकडे गेली. काहून, माहीत आहे? मी एकेका चौकटीले विचारलं असतं तिले, की डोकं दुखलं का, नीट दिसलं का म्हणून."