नव्या माइकचं पत्र

मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गचकलेल्या माणसाला इंग्रजी पत्र वाचायला देऊ नये. पण कर्जतच्या स्पीकरवाल्या मामांचा माझ्यावर भारी विश्वास. सख्खे नव्हेत, गल्लीतले मामा. त्यांच्याच माइकवर मी गणपतीत नकला करायचो.

मामांनी नवा अँप्लिफायर आणि नवा माइक आणला, सोबत कंपनीचं पत्र होतं. तेच मॉडेल घेतलेला खालापूरचा स्पीकरवाला दुकानात आला आणि दोघं चहा पीत जुंपले. त्याचं म्हणणं, जुना काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बरा, तापायला वेळ लावायचा पण आवाज गोल द्यायचा. हा लगेच चालू होतो आणि लगेच शिट्टी मारतो. मामा म्हणाले, तू माइकचं बटण पार टोकाला नेतोस आणि वर कर्ण्याचं तोंड माइककडं करतोस, मग तो काय भजन म्हणणार? बटण निम्म्यावर ठेव, बेस उतरव.

मग मामा माझ्याकडं वळले. "माइकात फुंकायचं का नाय, तेवढं बघ रं. जुन्यात आमी फुंकायचो."

मी कंपनीच्या साहेबाचा आवाज काढला, नाकातून, आणि वाचत सुटलो. दोघं हसून लोळायला आले. शेवटी लाल अक्षरात एक ओळ होती. तिथं अडलो. अडलो म्हणून कबूल केलं असतं तर सगळी मजा गेली असती. साहेबाच्याच आवाजात ठोकून दिलं, "आमचा माइक झोपाळू आहे. जोरात फुंकून उठवावा."

खालापूरवाल्याला ठसका लागला. मामांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली. मला वाटलं, तीही गंमतच.

त्याच रविवारी मोहोपाड्याला कारखान्याच्या कॉलनीत सत्यनारायण होता आणि दुपारी माझा कार्यक्रम. माथेरानच्या एका हॉटेलचे मॅनेजर मला ऐकायला येणार होते. त्यांना सीझनभर पाहुण्यांना हसवणारा माणूस हवा होता. इकडं बापानं कारखान्यात शब्द टाकून ठेवलेला. माथेरान हुकलं तर सोमवारपासून केमिकलची पिंपं धुवायची. त्या वासानं मला आधीच उलटी यायची.

पूजा आटपली. मॅनेजर पुढच्या खुर्चीत प्रसादाचा द्रोण घेऊन बसले. मामांनी छाती भरून माइकात फुंकर मारली. खर्रर झालं आणि सगळं गप्प. त्यांनी आणखी जोरात फुंकलं. मग जाळी उघडली. आत चांदीच्या वर्खासारखी पातळ पट्टी होती, ती फाटून लोंबत होती. नव्याचा रुबाब म्हणून जुना माइक घरीच ठेवलेला.

त्या लाल ओळीत काय होतं ते मला तेव्हा इंग्रजीशिवाय कळलं.

माइक नसताना तसाच करायला उभा राहिलो. माझ्या नकला सगळ्या माइकला ओठ लावून केलेल्या. कुजबुजणारी सासू, झोपेत बोलणारा स्टेशनमास्तर, चढावर दम लागलेला घोडा. ओरडून केल्यावर सासू पैलवान झाली, स्टेशनमास्तरही पैलवान आणि घोडा तर कोणाला कळलाच नाही. मागून एक बाई म्हणाली, "अगं, हा चिडलाय का?" मी आणखी ओरडलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला. पोरं उठून लपाछपी खेळायला गेली.

मॅनेजर उठले तसे मामा त्यांच्या आडवे गेले.

"सायेब, पोरगा लय गुणी हाय. चूक माज्या माइकची. एकदा चांगल्या माइकवर ऐका त्याला."

मॅनेजर भला माणूस. द्रोण खाली ठेवून, हात पुसत म्हणाले, "अहो, आमच्या हॉटेलात माइक नसतोच. टेबलाजवळ उभं राहून करायचं असतं."

मामा तरी त्यांच्या मागं मागं एस्टीच्या थांब्यापर्यंत गेले, चूक माझी, चूक माझी म्हणत. मला त्यांना हाक मारून थांबवायचं होतं. तोंड उघडलं, पण घसा पार बसला होता. नुसती हवा आली.