खरपुडीचा उरलेला अर्धा कंद

देवाची प्रचीती आली, असे कुणी सांगू लागले की मी हळूच घड्याळाकडे पाहतो. धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. तरी आठ वर्षे एक गोष्ट मला टोचत होती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या एका टेकडीवर मला खरपुडीचा दुर्मिळ वेल सापडला होता. तिथे तेवढा एकच. नमुना पूर्ण हवा म्हणून मी तो कंदासकट उपटला. कंद जाड, कागदावर दाबला जाईना. मग उभा चिरून अर्धा ठेवला, अर्धा फेकला. पुढे या शोधासाठी शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला. व्यासपीठावर सगळ्यांची नावे घेतली गेली, वेलाचे सोडून. त्यानंतर दर श्रावणात मी त्या जागी जाऊन शोधत असे. वेल दिसला नाही. तो मीच संपवला, हे कुणाला सांगितले नव्हते.

यंदाही गुडघे टेकून गवत चाळत होतो. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या अक्कांनी विचारले, "भाऊ, काय हारपनं?" मी सांगताच त्या हसल्या. "कंद चिरी फेकनारा तुमीच का? इतलं शिकनात, नि इतलं माहीत नई? कंद खंदा का एक तुकडा मातीमा परत ठेवना पडस. तो देवना वाटा शे. बठ्ठं लई जाशात, त देवले काय राही?" सगळेच नेले तर देवाला काय उरणार, असे त्यांचे म्हणणे.

आठ वर्षांपूर्वी त्या तिथेच शेळ्या चारत होत्या; मी वळताच त्यांनी तो फेकलेला अर्धा तुकडा उचलून, शेळ्यांचे तोंड पोचू नये म्हणून, पलीकडच्या थोराच्या, म्हणजे काटेरी निवडुंगाच्या, जाळीत पुरला होता. मी मात्र आठ वर्षे माझा हात लागला तेवढीच जागा शोधत होतो.

थोराच्या काट्यांत तीन वेल चढले होते. कंदिलासारखी फुले, बोटाच्या पेराएवढी. एक बारीक माशी आत शिरली. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे बाहेर येता येत नाही. धडपडून उपयोग नसतो. फूल कोमेजले की केस ढिले पडतात आणि माशी पराग घेऊन चालत निघते. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढले, पण त्यापुढे मान कधी झुकली नव्हती. सवयीने हात पिशवीतल्या चाकूकडे गेला. "आते नुसतं देखा, भाऊ," अक्का म्हणाल्या. मी हात जोडले.

चमत्कार म्हणत नाही. डोळा असलेला तुकडा फुटतो, हे मीच परीक्षेत विचारतो. पण माझ्या चुकीमागून कुणीतरी न बोलावता वाकले, याला कृपेशिवाय दुसरा शब्द मला येत नाही.

कपाटातल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर माझे नाव मोठ्या अक्षरांत आहे. त्याखाली आता लिहिले आहे: उरलेला अर्धा देवाकडे, सुखरूप.