चिमणाबाईची सेकंड

चिमणाबाई समुद्रे भाकरी थापताना गायची, आणि ती काय गाते ते शेजारपाजारच्या कुणाला कधी कळायचं नाही. दूध घालायला येणारी अंबूबाई चरवी टेकून घटकाभर ऐकायची आणि म्हणायची, "चिमणे, ह्याला डोकं न्हाय का शेपूट न्हाय. गाणं म्हणतीस का दळण दळतीस?"

"गाणंच हाय. देवळातलं."

"मग चढंना कुठं ते! सपाटच चाललंय की, शिरोळच्या रस्त्यागत."

चिमणाबाई हसायची आणि भाकरी परतायची. तिच्या वाट्याला गाण्याचा जो भाग आला होता तो तसाच होता, खालच्या तीन-चार सुरांतनं जाणारा-येणारा.

आईबाप प्लेगात गेले तेव्हा गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातनं तिला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं होतं. बोर्डिंगला लागून काळ्या दगडाचं देऊळ. ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणायची. आत भिंतीएवढा ऑर्गन, मोठ्या कपाटासारखा, वर नळ्यांची रांग. वाजवायला ट्रेंच मिससाहेब, आणि मागं भात्याचा दांडा खाली-वर करायला जोतीराम लोहार. दांडा थांबला की ऑर्गनचा जीव जायचा. जोतीराम ख्रिस्ती नव्हता. बाप भाता मारायचा म्हणून तो मारायचा, एवढंच.

मिससाहेबांनी पोरींचे आवाज तपासले तेव्हा चिमणाचा जाड निघाला. "तू सेकंड," मिससाहेब म्हणाल्या, आणि आयुष्यभराची सोय झाली. वरची चाल म्हणणाऱ्या त्या पयलीच्या पोरी. कुणालाही ओळखू येतं ते गाणं त्यांच्याकडं. सेकंडच्या पोरींची चाल निराळी, खालून टेकू देणारी. दोन्ही एकदम म्हटल्या की गाणं भरायचं. तालमीत मिससाहेबांचा नियम असा, की सेकंडवालीनं एका कानात बोट घालायचं. पयलीकडं कान गेला की गळा तिकडं घसरतो, आणि घसरला की बोटांवर पट्टी. चिमणानं पट्टी कधी खाल्ली नाही. पयलीची चाल तिच्या कानावर पडायची, पण आत शिरायची नाही. लग्न झालं, नवरा गेला, बोर्डिंगातच ती स्वयंपाकाला लागली, आणि दर रविवारी डाव्या अंगाच्या खांबाला खेटून सेकंड म्हणत राहिली.

अठ्ठेचाळीस साली मिससाहेब विलायतेला परत गेल्या. ऑर्गन बंद झाला. भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं. जोतीराम आपल्या भट्टीवर बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायला मोकळा झाला. पयलीच्या बाया पांगल्या. कुणी मिरजेला नर्स झाली, कुणी लग्न होऊन नगराकडं गेली. उरली चिमणाबाई.

कापणीचा सण तोंडावर आला. त्या दिवशी खांबांना ऊस बांधायचे, वेदीपुढं गुळाच्या ढेपा, भोपळे, जोंधळ्याची कणसं मांडायची आणि कापणीचं गीत म्हणायचं, ही जुनी रीत. पाद्री हंबीरराव चोपड्यांना घोर लागला.

"चिमणाबाई, गीत धरायचं कुणी?"

"धरतो की मी. त्यात काय."

आणि तिनं ते धरलं. पोरांना परसात बसवून शिकवलं, बायकांना धुण्याच्या दगडावर शिकवलं, सणाला येणाऱ्या खेड्यावरच्या शेतकऱ्यांना एक-एक ओळ सांगून म्हणायला लावली. तिला येत होतं तेच तिनं शिकवलं. आपण सेकंड म्हणतो हे तिला ठाऊक होतं, पण पयलीवाल्या गेल्या म्हटल्यावर राहिली तीच चाल, असा तिचा सरळ हिशेब. सहा-सात वर्षांत अख्खं देऊळ कापणीचं गीत सेकंडमध्ये म्हणायला लागलं. कुणाचं काही अडलं नाही.

मग पंचावन्न साली मिशनच्या शाळेवर शलमोन मास्तर आले. नगरकडचे, तरुण, ऑर्गन शिकलेले. येत्या कापणीच्या सणाला दृढीकरणासाठी बिशपसाहेब येणार होते. बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या माथ्यावर हात ठेवून त्यांना मंडळीत पक्कं घ्यायचा तो विधी. मास्तरांनी जोतीरामला बोलावून भात्याला मेंढीचं कातडं बसवून घेतलं आणि मंडळीला तालमीला जमवलं. ऑर्गननं कापणीचं गीत धरलं, मंडळीनंही धरलं. दुसऱ्या ओळीला मास्तरांनी हात उचलले.

"हे काय म्हणताय तुम्ही?"

"कापणीचं गीत," पुढचा एक म्हातारा म्हणाला. "तुमी काय वाजिवताय?"

हसू पिकलं. मास्तर लाल झाले. त्यांनी दोनदा वाजवून दाखवलं, मग विचारलं, "कोणी शिकवलं हे?"

सगळ्या माना डाव्या खांबाकडं वळल्या.

"ही चालच नाही," मास्तर म्हणाले. "ही सेकंड आहे. गाण्याचा धनीच नाही ह्यात. बिशपसाहेबांपुढं हे म्हणायचं? मुळापासून नवं शिकावं लागेल सगळ्यांना. आणि चिमणाबाई, तोवर तुम्ही म्हणू नका. तुमच्या मागं सगळे घसरतात."

पाद्रीसाहेब चपळाईनं मध्ये पडले, "बसून ऐका हो जरा. वय झालं आता."

चिमणाबाई खांब सोडून ऑर्गनच्या मागं, जोतीरामच्या बाकड्यावर जाऊन बसली. घरी गेल्यावर भाकरी थापताना तिनं पयली म्हणून बघितली. मास्तरांचे सूर डोक्यात होते, पण तोंड उघडलं की गळा आपल्या वाटेनं खाली उतरायचा. तीनदा केलं. चौथ्यांदा भाकरी करपली.

तिला राग आला नव्हता, लाज वाटत होती. अख्ख्या देवळाला आपण खोटं शिकवलं. आणि तो खांब गेला, तर रविवारी उभं राहायचं कुठं?

पुढच्या दोन तालमी तिनं जोतीरामजवळ बसून काढल्या. पोरांनी पयली झटक्यात उचलली. मोठी माणसं पहिली ओळ पोरांबरोबर चढायची आणि तिसऱ्या शब्दाला धाडदिशी सेकंडमध्ये उतरायची. मास्तर पुन्हा चढवायचे, ती पुन्हा उतरायची. शेवटी ना ही ना ती, नुसता कालवा.

"काय गं चिमणाबाई," दांडा दाबता दाबता जोतीराम म्हणाला, "पोरं येक म्हंत्यात, बाप येक म्हंत्यात. मिससायबाच्या वक्ताला बी दोन चाली असायच्या न्हवं?"

"व्हय, पर तवा त्या ठरवून असायच्या."

"मग आता ठरवा की. ह्यो मास्तर असाच घोळत बसला, तर माझा खांदा उतरंल."

चिमणाबाई उठली. पदर खोचून थेट मास्तरांपुढं जाऊन उभी राहिली.

"मास्तर, पोरांस्नी पयली ठेवा. मोठ्यांस्नी माझ्याकडं सोडा. त्यांची सेकंड आता निघायची न्हाय, तुमी सणापत्तोर वाजिवलं तरी."

"अहो, पण शंभर माणसं सेकंड म्हणणार आणि वीस पोरं पयली? चाल ऐकू यायची कशी?"

"पोरं वरडतील. वरडायला पोरांस्नी शिकवावं लागत न्हाय. आन मोठ्यांस्नी मी दाबतो."

मागनं म्हातारा बोलला, "दाबल, दाबल. आमाला ठावं हाय."

मास्तरांनी पाद्रीसाहेबांकडं बघितलं. पाद्रीसाहेब सणासाठी आणून ठेवलेल्या उसाकडं बघत होते. "एकदा म्हणून बघू," मास्तर म्हणाले, आणि चिमणाबाई खांबाला जाऊन उभी राहिली. तिनं मंडळीकडं तोंड केलं आणि एका कानात बोट घातलं. म्हातारा हसला. मग त्यानंही घातलं. मग त्याच्या रांगेनं घातलं.

सणाच्या दिवशी बिशपसाहेब वेदीपाशी बसले होते. भोपळ्यांच्या ढिगापुढं वीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, आणि मागं पटके-लुगड्यांची अख्खी मंडळी कानात बोट घालून दबक्या आवाजात गात होती. गाणं भरलं. सेकंड जरा जडच झाली, दोन ठिकाणी मास्तरांनी ऑर्गनचा आवाज चढवून पयली सावरली, पण शेवटची ओळ एकदम येऊन टेकली. बिशपसाहेबांनी नंतर पाद्रीसाहेबांना कानातल्या बोटाचं विचारलं. पाद्रीसाहेब म्हणाले, "इकडची पद्धत आहे."

ती पुढं खरोखरच पद्धत झाली. पोर लहान असेपर्यंत पयली. दृढीकरण झालं की त्याला चिमणाबाईच्या हवाली करायचं, सेकंडला. मास्तरांनी एकदा तिला म्हटलं, "आता कानातलं बोट काढलं तरी चालेल. ऐका तरी, दोन्ही मिळून कसं लागतं ते."

"म्हातारपणी घसरलो म्हंजे?" ती म्हणाली आणि खांबाकडं गेली.