देऊळघाटात आत्याचं मरण राहून गेलं

वर्षभर मी टीव्हीसाठी वऱ्हाडातल्या एका घराची मालिका लिहीत होते आणि वऱ्हाड मात्र डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आजवरचं चित्रीकरण सगळं मुंबईच्या स्टुडिओत; आता एक प्रसंग तेवढा खऱ्या गावात, देऊळघाटात, करायचा होता. त्यामुळे मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा पहिल्यांदा सासरी निघालेल्या नवरीसारखी धाकधूक होत होती.

तिथून जीप. शेजारी कुसुमताई, आमच्या मालिकेतल्या आत्या. देऊळघाटात आत्याचं मरण चित्रित झालं की त्यांचं काम संपणार होतं. साठी उलटलेल्या नटीला लगेच दुसरं काम कोण देतंय?

"तूच मारतेयस ना गं मला?" राजूरचा घाट चढताना त्या हसत म्हणाल्या.

हुकूम चॅनेलचा, पण लिहिलं मीच होतं. मला फार वाईट वाटलं. बाहेर तुरीची शेतं पिवळी झाली होती, हवा छान गार होती, आणि माझं लक्ष कशातच लागेना.

देऊळघाटात शांताबाई नावाच्या आजींच्या अंगणात चित्रीकरण होतं. आधी जेवण: वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची). मी दोन भाकऱ्या हाणल्या, खोटं कशाला बोलू! गावातल्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. मालिका रोज बघायच्या ना! कुसुमताईंना हात लावून लावून बघत होत्या.

मग कुसुमताईंना चटईवर निजवलं, नाकात कापूस घातला. दिग्दर्शक ओरडला, "रडा!"

एकही बाई रडेना.

"काऊन रडू?" शांताबाई म्हणाल्या. "बाई तं श्वास घेऊन राह्यली."

"खोटंखोटं रडायचं, आजी."

"नाई जमत, दादा. जित्या मानसासाठी गळा काढला तं त्याले बाधते."

"तौबा तौबा!" शेजारच्या शमीमभाभी म्हणाल्या. "आमच्यातबी नाई चालत असं."

ग्लिसरीन पुढे केलं, तर बायांनी तोंडाला पदर लावला. ऊन उतरत चाललं होतं. दिग्दर्शकानं विनवलं, चिडला, शेवटी माझ्याकडे वळला. "लिही बाई काहीतरी!"

याचीच तर वाट बघत होते मी! ओट्यावर बसून भराभर लिहिलं: आत्याची नाडी लागते, आत्या डोळे उघडतात. त्यानं कुरकुरत चॅनेलला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "चालेल, आधी काय येतंय ते दाखवा."

कॅमेरा चालू झाला. कुसुमताईंनी डोळे उघडले मात्र, अंगणभर बाया हुंदके द्यायला लागल्या! शांताबाई कुणी न सांगता उठल्या, नाकातला कापूस उपसून फेकला आणि कानशिलावर बोटं मोडली. "भेवाडलं व माय तुनं!" (घाबरवलंस गं बाई तू!) कुसुमताई आपलं वाक्य विसरल्या आणि त्यांच्या गळ्यात पडून खरंच रडल्या. मीही रडले.

चॅनेलला ते इतकं आवडलं की आत्या राहिल्या.

निघताना बायांनी कुसुमताईंची ओटी भरली. शांताबाईंनी दरडावून विचारलं, "आत्याले मारून कोन राह्यलं होतं?"

मी कुसुमताईंच्या मागे सरकले. त्यांनी मला जवळ ओढलं. "हिनंच वाचवलं मला."

परतीच्या गाडीत कुसुमताई गाढ झोपल्या आणि मी बाहेर बघत बसले, अगदी मजेत. वर्षभर ज्यांना मी 'प्रेक्षक' म्हणत होते, त्या बाया एकदा तरी समोर दिसायला हव्या होत्या. आता मुंबईत रोज लिहायला बसते, पण आत्याला साधा खोकला द्यायचाही धीर होत नाही.